अंतकाळ घरी: नाम, गंगाजल, औषध आणि कागद

पैलतीर

‘शेवटचा दिस गोड व्हावा’ हे प्रत्येकालाच वाटतं. पण डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ असं सांगितल्यावर तो दिस गोड व्हायला घरात नेमकं काय करायचं, हे एका जागी सापडत नाही. त्यासाठी हा धागा. पुनर्जन्म आहे की नाही यावर इथे बरेच धागे आहेत, तो वाद तिकडेच ठेवूया.

आधी मुळाशी जाऊ. गीतेच्या आठव्या अध्यायातला पाचवा श्लोक बहुतेकांना ठाऊक असतो: ‘अन्तकाले च मामेव स्मरन्मुक्त्वा कलेवरम्’. त्यामुळेच शेवटच्या घटकेला कानात नाव घालायची धडपड चालते. पण लगेच पुढचा श्लोक ‘सदा तद्भावभावितः’ या शब्दांवर संपतो. माणूस जन्मभर ज्यात मुरला, तेच शेवटी वर येतं. सातव्या श्लोकात तर उपायच दिलाय, ‘तस्मात्सर्वेषु कालेषु’, म्हणजे सर्वकाळ स्मरण ठेव. भागवतात याची दोन टोकं आहेत. सहाव्या स्कंधातला अजामिळ मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारतो आणि सुटतो. पाचव्या स्कंधातला भरत राजा राज्य सोडून वनात जातो, तप करतो, आणि शेवटी हरणाच्या पाडसात जीव अडकून हरणाच्या जन्माला येतो. घरोघरी अजामिळ सांगितला जातो. भरताची आठवण फारशी कुणी काढत नाही.

माझं म्हणणं असं की शेवटच्या आठवड्यात नवीन काही घडवता येत नाही. वाटेतले अडथळे तेवढे काढता येतात. दुखणं, कोरडं तोंड, खोलीतला गोंगाट, अडलेली सही, राहून गेलेलं बोलणं. जाणकारांनी आपापल्या बाजूने लिहावं.

वीणेकरी

‘शेवटचा दिस’ ज्या अभंगात आहे, त्यातच पुढे ‘आतां निश्चिंतीनें पावलों विसांवा । खुंटलिया धांवा तृष्णेचिया’ असं आहे. दिस गोड होण्याचं कारण तुकोबांनी तिथेच सांगून ठेवलंय.

कानावर काय घालावं याबद्दल लिहितो. ते त्या माणसाच्या लहानपणचं असावं. ज्या आजींनी जन्मभर मनाचे श्लोक आणि करुणाष्टकं म्हटली त्यांच्या उशाशी एकाएकी संस्कृत उपनिषद सुरू केलं, तर तो त्यांना परका आवाज. स्मृतिभ्रंशात मुलांची नावं जातात, पण चालीवर पाठ झालेलं फार उशिरापर्यंत टिकतं. ‘शुभं करोति’ची पहिली ओळ म्हणून थांबावं. बऱ्याचदा दुसरी ओळ ओठांवर येते. आली तर धागा सापडला, तोच धरून ठेवायचा. म्हणून साठी-पासष्टीतच एक वही करून ठेवावी: कुठले अभंग, कुठली आरती, कुठल्या चालीत. वारकरी घरात हरिपाठ चालतो. सत्तावीस अभंग, पाऊण तासाच्या आत होतात. पण शेवटच्या दोन-तीन दिवसांत तेवढंही जड जातं. तेव्हा एकच अभंग, नाहीतर नुसतं ‘रामकृष्णहरी’.

नाम श्वासाबरोबर घ्यावं. श्वास सुटताना ‘राम’, आत येताना गप्प. शेवटी श्वासांत खंड पडू लागतात, दहा-वीस सेकंद, कधी जास्तही. तो खंड भरून काढायला भरभर नाम घेऊ नये. त्या शांततेला तसंच राहू द्यावं आणि पुढचा श्वास आला की पुन्हा ‘राम’. आवाज गप्पांच्या पट्टीत, एकाच माणसाचा, कानापासून हातभर अंतरावर. पाच जणांनी पाच बाजूंनी ओरडलं की नाम राहत नाही, नुसता कोलाहल होतो.

मंत्रपेटी चोवीस तास लावून ठेवणं मला पटत नाही. सतत वाजणारा आवाज तासाभरात कानाला कळेनासा होतो आणि झोपही मोडतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पुरे.

म्हातारपणाकडे कसं बघावं हे वाचायचं असेल तर ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय घ्या. ‘जन्ममृत्युजराव्याधि’ या ओळीवर माउली थांबले आहेत ते फार वेळ थांबले आहेत. आज कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे डोळे उद्या पिकलेल्या पडवळासारखे होतील, इतक्या जवळून बघितलंय. वाचून घाबरायचं नसतं. अंगात बळ आहे तोवर जे करायचं ते करून घ्या, असा तो निरोप आहे.

निशिगंध

शुश्रूषेच्या बाजूने लिहिते. सगळ्यात मोठी चूक पाण्याची होते, म्हणून तिथूनच सुरुवात.

गंगाजल चमच्याने घालू नका. शेवटच्या दिवसांत गिळण्याची क्रिया मंदावते, मग थांबते. तेव्हा तोंडात घातलेलं चमचाभर पाणी अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतं. माणूस ठसकतो, गुदमरतो. कधी ठसकाही लागत नाही, आणि रात्री ताप चढतो, छाती घरघरते. नातलगांना वाटतं, गंगाजल मिळालं आणि लगेच प्राण गेला. खरं तर त्या घोटाने जाण्याची वाट कष्टाची केलेली असते.

योग्य रीत अशी. डोकं आणि खांदे उशांनी तीसेक अंश उचला, मान कुशीला वळवा. स्वच्छ कापसाचा बोळा किंवा बोटाला गुंडाळलेलं मलमल गंगाजलात बुडवा आणि चांगलं पिळा, थेंब गळता कामा नये. त्याने आधी ओठ, मग गालांची आतली बाजू, मग जिभेचा शेंडा पुसा. जिभेच्या मुळाशी जाऊ नका, उमासा येतो. तुळशीचं पान ओठांना लावून उशाशी ठेवा. अख्खं पान तोंडात सोडलं की टाळूला चिकटतं किंवा घशात जातं. गंगाजल बंद बाटलीत वर्षानुवर्षं राहिलेलं असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात त्याचे दोन थेंब टाका.

हेच तोंड पुसणं दर दोन तासांनी साध्या पाण्यानेही करत राहा, त्यानंतर ओठांना तूप किंवा व्हॅसलीन. ऑक्सिजन चालू असेल तर तूप-व्हॅसलीन दोन्ही टाळा, ओठांसाठी पाण्यात विरघळणारं जेल मिळतं ते लावा. तोंडाने श्वास चालू असतो म्हणून तोंड कोरडं पडतं, आणि बघणाऱ्याला ती तहान वाटते. सलाईनने हा कोरडेपणा जात नाही. उलट हात-पाय सुजतात, छातीत पाणी साठतं. जेवणाचंही तसंच. मरणाऱ्या शरीराला भूक लागत नाही. ‘जेवला नाही म्हणून गेला’ असं वाटून घेऊ नका, जायला निघालाय म्हणून जेवत नाही.

दर दोन-तीन तासांनी कूस बदला. दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी. माकडहाडावर लाली दिसली की त्या बाजूला वजन टाकू नका.

शेवटच्या दोन-तीन दिवसांची चिन्हं अशी: लघवी कमी आणि गडद, हात-पाय गार, गुडघ्यांवर जांभळट जाळी, घशात घरघर. घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते, पण त्या माणसाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवलं की बरीच कमी होते. सक्शनची नळी खोल घालू नका, घसा सोलवटतो. बेशुद्ध माणसालाही ऐकू येत असावं, याला कॅनडातल्या २०२० मधल्या मेंदूलहरींच्या अभ्यासाने दुजोरा दिलाय. म्हणून उशाशी बसून वाटणी, खर्च, ‘अजून किती वेळ’ हे बोलू नका.

उपाध्याय

निशिगंध ताईंनी गंगाजलाबद्दल लिहिले ते विधीलाही सोडून नाही. स्पर्श आणि संकल्प महत्त्वाचा, घोट मोजलेला नाही.

भूमीवर घेण्याबद्दल. प्राण जाताना देह खाटेवर नसावा, सारवलेल्या जमिनीवर दर्भ व तीळ पसरून त्यावर घ्यावा, अशी पद्धत आहे. अडचण अशी की ऐन वेळी चार जण उचलतात, हाडांत पसरलेला कर्करोग असेल तर त्या हिसक्याने हाड मोडते, रक्तदाब उतरलेला माणूस उचलतानाच जातो. ही पद्धत पाळायचीच असेल तर दोन-तीन दिवस आधी गादीच जमिनीवर आणावी. ते शक्य नसेल तर खाटेखालची जागा पुसून तिथे दर्भ ठेवावा आणि उशाशी चिमूटभर माती. घरच्यांच्या मनाला रुखरुख राहत नाही.

दशदाने म्हणजे गाय, भूमी, तीळ, सोने, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, रुपे आणि मीठ. गाय व भूमीऐवजी ऐपतीप्रमाणे द्रव्य, बाकी मूठ-मूठभर. ती माणूस शुद्धीवर असताना व्हावीत. आजारी माणसाने तळहात नुसता टेकवावा, उदक मुलाने किंवा मुलीने सोडावे. बेशुद्ध माणसाच्या हातावरून पाणी ओघळू देण्यापेक्षा हे आठवडाभर आधी झालेले बरे.

गरुडपुराण रुग्णाच्या उशाशी वाचू नये. ते मृत्यूनंतरच्या दहा दिवसांत घरच्यांनी ऐकायचे असते. यातनांची ती वर्णने मरणोन्मुख माणसाच्या कानावर घालणे ही क्रूरता आहे.

आणखी एक, कळकळीने लिहितो. दहाव्याला कावळा शिवत नाही तेव्हा घाटावर एकेक जण पुढे होऊन सांगतो: धाकटीचे लग्न लावून देऊ, आईला अंतर देणार नाही, भावाशी अबोला सोडू. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला स्पर्श करवतात आणि विधी पुरा होतो. पण जी वचने दहाव्या दिवशी पिंडाला दिली जातात, ती ऐकायला माणूस दहा दिवसांपूर्वी खाटेवर होता. तेव्हा द्यावीत, हात हातात घेऊन.

रानजाई

वरचं सगळं उपयोगी आहे. एक शंका. कर्करोगात मॉर्फिन देतात, त्याने गुंगी येते. मग शेवटी स्मरण कसं राहणार? आमच्याकडच्या काही ज्येष्ठांचं ठाम मत आहे की वेदना सोसून शुद्धीत जावं.

निशिगंध

रानजाई, हा प्रश्न फार घरांत अडतो. एवढ्या एका समजापायी माणसं आठवडेच्या आठवडे कण्हत पडलेली असतात.

दुखणं दहापैकी आठवर असतं तेव्हा मनात दुसरं काही राहत नाही, ना नाम ना नातू. योग्य मात्रेत दुखणं दोन-तीनवर येतं आणि माणूस पुन्हा बोलू लागतो. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनची सुरुवात साधारण ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी अशी असते, वयस्कर आणि अशक्त माणसाला २.५. मात्रा डॉक्टरच ठरवणार आणि वाढवणार, स्वतःच्या मनाने नको. गुंगी पहिले दोन-तीन दिवस असते, मग बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच जुलाबाचं औषध सुरू व्हायला हवं. हे विसरलं की पाचव्या दिवशी पोट फुगतं, माणूस बेचैन होतो आणि दोष मॉर्फिनवर जातो. मूत्रपिंड कमकुवत असेल तर औषध अंगात साठतं. हातापायांना झटके, भ्रम, असंबद्ध बोलणं दिसलं की लगेच कळवायचं.

औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखण्याची वाट बघायची नाही. आणि वेळ त्यांच्या नेमाशी जुळवता येते. पहाटे पाचला काकडआरती ऐकायची सवय असेल तर सव्वाचारची मात्रा. पाचला दुखणं बसलेलं असतं आणि डोळे उघडे असतात.

गोळ्या साध्या दुकानात सहसा मिळत नाहीत. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांतून त्या मिळणं सोपं झालंय. परिहार सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवायला शेवटचा आठवडा उजाडू देऊ नका.

वीणेकरी

+१. आणि ज्येष्ठांसाठी: शुद्धीत जावं हे मान्य. पण कण्हणं म्हणजे शुद्ध नव्हे.

सन्मति

अन्नपाणी थांबण्याचा विषय निघालाय म्हणून सल्लेखनेबद्दल, म्हणजे अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडत मरणाला सामोरं जायच्या जैन व्रताबद्दल लिहितो, कारण तिच्याबद्दल दोन्हीकडून गैरसमज असतात.

रत्नकरंड श्रावकाचार या जैन गृहस्थांच्या आचारग्रंथात आचार्य समंतभद्रांनी तिचे चार प्रसंग दिले आहेत: उपसर्ग (ओढवलेलं संकट), दुष्काळ, जरा (म्हातारपण) आणि रोग. त्याला अट एकच, ‘निःप्रतीकारे’, म्हणजे ज्यावर उपाय उरलेला नाही असे. उपाय असताना घेतलेली ती सल्लेखना नव्हे. क्रमही ठरलेला आहे. आधी राग-द्वेष, परिग्रह सोडायचे, सगळ्यांची क्षमा मागायची आणि करायची. मग घन आहार कमी करत दुधासारख्या स्निग्ध पेयांवर, तिथून कांजी किंवा गरम पाण्यावर, मग शक्तीप्रमाणे उपवास. मनात पंचनमस्कार, म्हणजे णमोकार मंत्र. एका दिवसात ताट दूर सारणं यात बसत नाही. गुरूच्या अनुज्ञेशिवाय आणि सेवा करणाऱ्यांशिवायही नाही.

तत्त्वार्थसूत्रात तिचे पाच अतिचार, म्हणजे दोष, आहेत: जीविताशंसा, मरणाशंसा, मित्रानुराग (मित्रांची ओढ), सुखानुबंध (भोगलेल्या सुखांची आठवण) आणि निदान (व्रताचं फळ म्हणून पुढे भोग मिळावेत ही इच्छा). दुसरा नीट बघा. जगण्याची हाव जसा दोष, तशी लवकर मरावं ही इच्छाही दोषच. जीव कंटाळला म्हणून अन्न सोडणं यात पहिल्याच पायरीवर नापास होतं. वयस्कर माणूस ‘आता मला काही नको’ म्हणाला तर आधी नैराश्य, दुखणं, तोंडातले फोड, बद्धकोष्ठ तपासा. यातल्या बऱ्याच गोष्टी आठवड्यात बऱ्या होतात आणि तो पुन्हा जेवायला मागतो.

महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण आचार्य शांतिसागरांचं, कुंथलगिरीला १९५५ मध्ये, छत्तीस दिवसांचं. जैनांबाहेर विनोबांचं, पवनारला नोव्हेंबर १९८२ मध्ये. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवलं होतं. कायद्यात ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना आत्महत्येसमान ठरवली, त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

अत्तदीप

बौद्ध घरांसाठी थोडं. अंगुत्तरनिकाय या पाली ग्रंथात रोज मनन करायच्या पाच गोष्टी आहेत: मी जराधर्मी आहे, व्याधिधर्मी आहे, मरणधर्मी आहे, जे जे प्रिय त्याच्यापासून माझा वियोग होणार आहे, आणि माझं कर्म हेच माझं स्वतःचं आहे. हे निरोगी असताना म्हणायचं. आजारी माणसाच्या तोंडावर ‘तू मरणधर्मी आहेस’ हे म्हणायची वेळ नव्हे.

आजाऱ्यासाठी वेगळी वाट आहे. नकुलपिता नावाच्या म्हाताऱ्या उपासकाला बुद्धांनी एकच शिकवण दिली: शरीर आतुर, म्हणजे व्याधिग्रस्त, झालं तरी चित्त आतुर होऊ देणार नाही. उशाशी बसून त्याने आयुष्यात केलेली चांगली कामं एकेक करून त्याला आठवून द्यावीत. नावागावासकट. ‘तुम्ही भाच्याची फी भरली होती, तो शिकला.’ त्यानंतर त्रिशरण-पंचशील, त्याच्या नेहमीच्या चालीत. मन आधी आश्वस्त होतं, मग शरण जातं.

दस्तऐवज

कागदांचं लिहितो. अध्यात्माच्या धाग्यात रुक्ष वाटेल, पण तृष्णेच्या धावा खुंटायला सह्या व्हाव्या लागतात.

१. वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली, २४ जानेवारी २०२३ ला रीत सोपी केली. सज्ञान, शुद्धीवरच्या माणसाने लिहायचं, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. आपल्याला बोलता येईनासं झाल्यावर निर्णय कोण सांगणार त्यांची नावं त्यात हवीत. ‘मला नळ्या नकोत’ असं मोघम लिहू नका. व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय चालू करणं, नळीने अन्न, डायलिसिस, प्रत्येकाबद्दल वेगळं वाक्य लिहा. ‘वेदनाशमन मात्र पूर्ण द्यावं’ हेही लिहा. रुग्णालयात ते अमलात येताना तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात, शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत. प्रत घरातल्यांकडे आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या. कपाटात कुलुपात ठेवलेलं इच्छापत्र मिळतं तेव्हा माणूस व्हेंटिलेटरवर असतो.

२. वानप्रस्थ म्हणून सगळं मुलांच्या नावावर करून मोकळं होऊ नका. मनुस्मृतीने सुरकुत्या, पिकले केस आणि नातवंड दिसलं की वनात जायला सांगितलं. वन आता उरलेलं नाही, राहतं घर लागतं. बक्षीसपत्र करायचंच तर सांभाळ करण्याची अट त्यातच स्पष्ट शब्दांत लिहा, म्हणजे सांभाळ झाला नाही तर ते रद्द करून घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ उपयोगी पडतं. किल्ल्या, हिशेब, स्वयंपाकघरातला शेवटचा शब्द, हे मात्र खुशाल सोडा. तोच खरा वानप्रस्थ.

३. घरी मृत्यू होणार असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना शेवटच्या पंधरवड्यात घरी बोलावून तपासून घ्या. मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४अ) शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर देतो. रात्री दोनला अनोळखी डॉक्टर बोलावला तर तो नकार देतो, आणि त्याचं बरोबरच आहे. मग पोलीस, मग शवविच्छेदन. नोंदणी २१ दिवसांत.

पैलतीर

उपाध्याय, नेत्रदान-देहदानाने क्रियाकर्माला बाध येतो का?

उपाध्याय

येत नाही. देह मिळाला नाही तर दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिकृती करून संस्कार करण्याचा विधी पूर्वीपासून आहे. दहावा-तेरावा नेहमीप्रमाणे.

नेत्रदानाला सहा तासांची मुदत असते. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीवर उंच ठेवावे, आणि नेत्रपेढीला फोन रडारड ओसरायची वाट न पाहता करावा. त्वचाही त्याच मुदतीत देता येते. देहदानासाठी वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज आधी भरलेला असला तरी ऐन वेळी नातलगांची संमती लागते. कावीळ ब, एचआयव्ही, जंतुदोष किंवा शवविच्छेदन झालेले असेल तर देह स्वीकारत नाहीत. म्हणून दहनाची तयारीही मनात असू द्यावी.

रानजाई

शेवटचा प्रश्न. उशाशी समई आणि उदबत्ती ठेवायची असते, पण घरात ऑक्सिजनचं मशीन चालू आहे. काय करायचं?

निशिगंध

मशीन किंवा सिलिंडर चालू असताना त्या खोलीत ज्योत नको. समई देवघरात लावा, दार उघडं ठेवा, खाटेवरून ती दिसेल अशी. अंतर निदान दहा फूट. उदबत्ती आणि धूप पूर्ण बंद, त्या धुराने धाप वाढते. वासच हवा असेल तर मोगऱ्याची चार फुलं वाटीत, तीही त्यांना आवडत असतील तरच.

प्राण गेल्यावर आधी मशीन बंद करा, नाकातली नळी काढा, खिडकी उघडा. अंथरुणात आणि कपड्यांत ऑक्सिजन मुरलेला असतो, तो जायला वीसेक मिनिटं द्या. तेवढ्यात तोंड-हात पुसा, पापण्या मिटवा, हनुवटीखाली घडी ठेवा. मग उशाशी दिवा लावा.